परवडणारा सोल्डरिंग आयर्न कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांचे आहेत. सर्किटचे नाजूक काम आणि बॅटरी-स्पीकरच्या जाड वायरी ही दोन्ही कामे एकाच टेबलावर करायची असतील, तर निवड अवघड होते. उत्तरे साध्या प्रश्नांकडून अडचणीच्या प्रश्नांकडे जातात. किमती दुकानागणिक बदलतात, त्या अंदाज म्हणून धराव्यात.

१. पहिलाच आयर्न घ्यायचा आहे. किती वॅटचा घेऊ?

काम फक्त पीसीबी (सर्किटचा छापील बोर्ड), आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), एलईडी आणि बारीक हुकअप वायरीचे असेल तर चांगल्या बनावटीचा साधा २५ वॅट पुरेसा आहे. सोल्ड्रॉनसारखा भारतीय बनावटीचा आयर्न २०० ते ३५० रुपयांत मिळतो आणि त्याच्या बिटा (सोल्डर वितळवणारी बदलता येणारी टोके) वर्षानुवर्षे बाजारात आहेत. त्यासोबत स्पीकरची वायर, बॅटरीची वायर किंवा बॅटरीला लावायचे एक्सटी-६० कनेक्टरही करायचे असतील, तर तापमान नियंत्रित ६० वॅट आणि दोन वेगळ्या बिटा घ्या. एकूण खर्च साधारण ६०० ते १००० रुपये. दोन-तीन हजारांची तयारी असेल तर मधल्या पायऱ्या सोडून थेट टी-१२ जातीचे सोल्डरिंग स्टेशन घ्या (प्रश्न ५).

घेऊ नये असा एकच प्रकार सांगायचा तर ४० वॅटचा, तापमान नियंत्रण नसलेला. दहा मिनिटे स्टँडवर राहिला की तो इतका तापतो की पीसीबीचे पॅड (सोल्डर बसते ते तांब्याचे ठिपके) उखडतात, आणि ४ एमएमची वायर आली की तरीही कमी पडतो. मधला म्हणून लोक तोच घेतात, आणि दोन्ही कामांना तो अपुरा ठरतो.

२. जास्त वॅट म्हणजे जास्त तापमान ना? मग ६० वॅटने माझा पीसीबी जळणार नाही का?

नाही. वॅट म्हणजे दर सेकंदाला किती उष्णता तयार होते ते. बिट किती अंशांवर थांबेल हे ती उष्णता कुठे आणि किती वेगाने जाते यावर ठरते.

नियंत्रण नसलेला २५ वॅटचा आयर्न स्टँडवर असतो तेव्हा त्याचे सगळे २५ वॅट हवेत जातात. जितके तयार होतात तितकेच जातात, म्हणून तापमान एका जागी थांबते. याचा अर्थ असा की बिट जॉइंटला टेकवली त्या क्षणी हीटरकडे जादा काही शिल्लक नसते. जॉइंटला मिळते ती बिटच्या तांब्यात साठलेली उष्णता. ती संपली की तापमान घसरते आणि सावरायला बराच वेळ लागतो.

नियंत्रित ६० वॅटचा आयर्न ३५० अंशांवर स्थिर असताना थोडेच वॅट खातो. बाकीचे हाताशी असतात, आणि बिट थंड होऊ लागली की ते लगेच कामाला लागतात. म्हणून आयर्न निवडताना विचारायचा प्रश्न असा: बिट गरम असताना किती वॅट शिल्लक राहतात, आणि ते बिटच्या टोकापर्यंत किती पटकन पोहोचतात? खोक्यावरचा वॅटचा आकडा यातले अर्धेच सांगतो. नियंत्रण असेल तर ६० वॅट पीसीबीलाही सुरक्षित आहे. नसेल तर नाही.

३. २५ वॅटने पीसीबीचे काम झकास होते. मग २.५ एमएमच्या वायरीला सोल्डर का धरत नाही?

दुकानात आपण ज्याला २.५ एमएम म्हणतो ते २.५ चौरस मिलिमीटर, म्हणजे भरीव तार धरली तर जवळजवळ १.८ मिमी व्यासाची. तांबे उष्णता फार वेगाने पळवते. वायरीचे टोक खोलीच्या तापमानापेक्षा २०० अंश वर ठेवायचे म्हटले तर पहिल्या पाच सेकंदांतच एका वायरीत साधारण ४५ ते ५० ज्यूल आत निघून जातात. दोन वायरी जोडायच्या तर दुप्पट. शिवाय जोडाचे तांबे आणि सोल्डर तापवायचे ते वेगळेच. याच हिशेबाने ०.२ चौरस मिलिमीटरच्या हुकअप वायरीला जेमतेम ४ ज्यूल लागतात.

२५ वॅटचा आयर्न पाच सेकंदांत १२५ ज्यूल तयार करतो खरा, पण त्यातले बहुतेक हवेत जातात (प्रश्न २). मग आपण बिट अर्धा मिनिट दाबून धरतो. तोवर उष्णता वायरीत दूरवर पसरते, पीव्हीसीचे आवरण मागे आकसते, फ्लक्स (तांबे साफ करून सोल्डर पसरवणारा पदार्थ) जळून संपतो आणि सोल्डर वर गोळा होऊन बसते. वरून जोड झाल्यासारखा दिसतो. ओढला की सुटतो. जाड वायरीला जास्त वेळ नको, कमी वेळात जास्त उष्णता हवी.

४. स्वस्त ६० वॅटच्या आयर्नला तापमानाचा नॉब असतो. तो खरा असतो का?

दोन प्रकार सर्रास मिळतात आणि बाहेरून सारखेच दिसतात. पहिल्यात हीटरला चिकटून सेन्सर असतो आणि सर्किट तापमान मोजून वीज कमी-जास्त करते. दुसऱ्यात नुसता पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डिमर असतो. त्यावर २०० ते ४५० असे आकडे छापलेले असतात, पण मोजत कोणी नसते.

ओळखायची सोपी खूण हीटरच्या वायरी. प्लग काढा, आयर्न थंड होऊ द्या, मूठ उघडा. पांढऱ्या सिरॅमिक हीटरमधून चार वायरी निघत असतील तर दोन हीटरच्या आणि दोन सेन्सरच्या. दोनच असतील तर बहुतेक डिमर. मूठ उघडायची नसेल तर दिव्याकडे बघा: खऱ्या नियंत्रणात आयर्न तापल्यावर दिवा लुकलुकतो किंवा बंद होतो, आणि ओल्या स्पंजवर बिट टेकवली की पुन्हा पेटतो.

डिमरवाला फेकून द्यायची गरज नाही. तो साधा आयर्न समजून वापरा: बारीक कामाला नॉब खाली, जाड वायरीआधी दोन मिनिटे पूर्ण वर.

या वर्गात जवळजवळ सगळ्यांना ९००-एम जातीच्या बिटा लागतात. मुळात त्या हाक्को या जपानी कंपनीच्या ९३६ स्टेशनसाठीच्या, पण नकला सगळीकडे मिळतात. बिट पोकळ असते आणि हीटरवर टोपीसारखी बसते. नकलांमध्ये टोपी सैल असते, आत हवेची फट राहते, आणि तीच उष्णतेला अडवते. बिट बसवून हलवून बघा. डगडगत असेल तर दुसरी मागा.

५. टी-१२ स्टेशनला तिप्पट-चौपट पैसे द्यावेत का?

जाड वायरी महिन्यातून दोनदा जरी येत असतील तरी द्यावेत. टी-१२ मध्ये हीटर, सेन्सर आणि बिट एकाच कांडीत असतात, मध्ये फट नसते. कांडीचा रोध सुमारे ८ ओम असतो, त्यामुळे २४ व्होल्टवर ती ७० वॅटच्या आसपास घेते आणि हे वॅट थेट टोकाच्या मागे तयार होतात. दहा-पंधरा सेकंदांत काम सुरू करता येते. मातीच्या चुलीवर भाकरी करणाऱ्याला तवा तापण्याची वाट बघणे माहीत असते, तशी वाट इथे बघावी लागत नाही.

चिनी टी-१२ स्टेशन साधारण दोन ते चार हजारांत येते. घेताना दोन गोष्टी तपासा. पॉवर सप्लाय २४ व्होल्टचा आणि किमान ३ अँपिअरचा आहे ना? काही स्वस्त संच १९ व्होल्टच्या लॅपटॉप अॅडॅप्टरवर विकतात. त्यावर तीच कांडी ४५ वॅटच देते. आणि अर्थिंग बिटपर्यंत पोहोचते ना (प्रश्न ८)?

६. कोणत्या वायरीला नक्की काय वापरू?

०.५ चौ. मिमीपर्यंत: साधा २५ वॅट, किंवा नियंत्रित आयर्नवर २.४ मिमीची चपटी बिट, ३४० अंशांच्या आसपास.

०.७५ ते १.५ चौ. मिमी: नियंत्रित ६० वॅट, ३.२ मिमीची चपटी बिट, ३७० ते ३८०.

२.५ ते ४ चौ. मिमी, म्हणजे आरसीवाल्यांची (रिमोटवर चालणारी मॉडेल करणाऱ्यांची) १२ गेज सिलिकॉन वायरही यातच (३.३ चौ. मिमी): टी-१२ आणि ५ मिमीची चपटी बिट, ३८० ते ४००. टी-१२ नसेल तर जाड तांब्याच्या बिटचा साधा ६० ते ८० वॅटचा आयर्न. हा ३००-४०० रुपयांचा गडी जाड वायरीला नियंत्रित स्वस्त आयर्नपेक्षा बरेचदा सरस ठरतो, कारण त्याच्या बिटच्या तांब्यातच मोठा साठा असतो. पीसीबीच्या जवळ मात्र त्याला नेऊ नका.

६ चौ. मिमी आणि पुढे: १०० वॅट किंवा जास्तीचा जड आयर्न. त्याहून बरे म्हणजे लग (वायरीला लावायचे धातूचे टोक) लावून क्रिम्पिंग, म्हणजे ते पक्कडीने दाबून पक्के करणे (प्रश्न १६).

७. आयर्नसोबत टोकदार बिट आली आहे. बारीक कामाला तीच चांगली ना?

नाही, आणि हा गैरसमज सर्वात जास्त काम बिघडवतो. टोकदार बिट पॅडला एका ठिपक्यात स्पर्श करते, आणि त्या ठिपक्यातून उष्णता जाणार किती? शिवाय टोक हीटरपासून दूर आणि बारीक, म्हणून ते सर्वांत आधी थंड होते. नवशिके मग तापमान ४५० करतात आणि बिट जाळतात.

पीसीबीला २.४ मिमीची चपटी बिट, ९००-एम मध्ये २.४डी आणि टी-१२ मध्ये डी-२४, हीच रोजची बिट करा. चपटी बाजू पॅड आणि सुट्या भागाचा पाय दोन्हींना एकदम टेकते. जाड वायरीला तुमच्या आयर्नमध्ये बसेल ती सर्वांत रुंद बिट घ्या: टी-१२ मध्ये डी-५२, ९००-एम मध्ये सुरीसारखी के किंवा तिरकी कापलेली ४सी. सोबत आलेली टोकदार बिट सुट्या केसाएवढ्या वायरीसाठी बाजूला ठेवा.

८. दोन पिनचा आयर्न चालेल का? बिटला टेस्टर लावला तर दिवा लागतो.

टेस्टर लागतो म्हणजे हीटरमधून बिटवर गळती होत आहे. ती बारीक असली तरी मॉसफेट (एक नाजूक ट्रान्झिस्टर) आणि सेन्सर मारायला पुरेशी असते, आणि आतले अभ्रक फुटले तर तोच आयर्न जीवघेणा ठरू शकतो. तीन पिनचाच घ्या.

तीन पिन असणे पुरेसे नाही. स्वस्त आयर्नमध्ये तिसरी पिन शोभेची असू शकते. आयर्न प्लगबाहेर असताना मल्टिमीटर ओमवर ठेवा: अर्थची मोठी पिन आणि बिट यांत एक-दोन ओमच यायला हवेत. फेज किंवा न्यूट्रलची पिन आणि बिट यांत काहीच दिसता कामा नये. काही मेगाओम जरी दिसले तरी तो आयर्न दुकानात परत करा. आणि घरातल्या सॉकेटला खरे अर्थिंग आहे का तेही बघा. जुन्या चाळींत आणि वाड्यांत तिसरे भोक अनेकदा रिकामेच असते.

९. गावाकडे संध्याकाळी आयर्न नीट तापतच नाही. बिघडला का?

बहुधा आयर्न ठीक आहे, व्होल्टेज पडले आहे. वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात. पंपांच्या वेळी लाइन १८० व्होल्टवर आली की २५ वॅटचा आयर्न १५ वॅटचा होतो आणि ६० चा ३७ चा. सॉकेटवर मल्टिमीटर लावून बघा.

असा भाग असेल तर साधा आयर्न घेताना एक पायरी वरचा घ्या, म्हणजे २५ ऐवजी ३५. दिवसा पूर्ण व्होल्टेज आले की तो जास्त तापेल. तेव्हा बिट बाजूच्या स्क्रूने थोडी बाहेर ओढा. तांब्याच्या कांडीची बिट जितकी हीटरच्या आत तितकी गरम, जितकी बाहेर तितकी थंड. टी-१२ ला हा त्रास सहसा होत नाही, कारण त्याचे पॉवर सप्लाय बहुतेक १०० ते २४० व्होल्टवर २४ व्होल्टच देतात.

१०. सोल्डर वायर कोणती घेऊ? ६०/४०, ६३/३७ की शिसेविरहित?

छंदासाठी ६३/३७. म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे. हे मिश्रण १८३ अंशांवर एकदम वितळते आणि एकदम गोठते, मध्ये लगदा होत नाही, म्हणून हात हलला तरी जॉइंट बिघडण्याची शक्यता कमी. ६०/४० थोडे स्वस्त असते, १८३ ते १९० च्या दरम्यान लगद्यासारखे राहते, आणि जाड वायरीला उत्तम चालते. शिसेविरहित सोल्डर २१७ ते २२७ अंशांवर वितळते. स्वस्त आयर्नवर, त्यातही जाड वायरीला, ते शिकाऊ माणसाला हैराण करते.

जाडी: पीसीबीला २२ गेज, सुमारे ०.७ मिमी. जाड वायरीला १८ गेज, सुमारे १.२ मिमी, नाहीतर एका जोडासाठी वीतभर बारीक सोल्डर सारत बसाल. पोटात राळेचा फ्लक्स असलेलीच घ्या. फार स्वस्त रीळ आणले तर पातळ, करड्या रंगाचे आणि नीट न पसरणारे सोल्डर नशिबी येते. त्यात कथिलाचे प्रमाण छापल्यापेक्षा अनेकदा कमी असते. आयर्नवर वाचवा, सोल्डरवर वाचवू नका.

११. वेगळा फ्लक्स लागतो का? दुकानदाराने पिवळी पेस्ट दिली.

जाड वायरीला लागतो. सोल्डरच्या पोटातला फ्लक्स जोड तापेपर्यंत उडून गेलेला असतो. राळेवर आधारित पेस्ट किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेली राळ वापरा. काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

नळकाम किंवा पत्र्याच्या कामाचे अॅसिड, म्हणजे झिंक क्लोराइडवाला फ्लक्स, इलेक्ट्रॉनिक्सला कधीही लावू नका. सोल्डर लोण्यासारखे पसरते, पण वायरीच्या आत शिरलेले अॅसिड काही महिन्यांत तांबे हिरवे करून खाते. पेस्टच्या डबीवर राळ किंवा रोझिन असा उल्लेख नसेल आणि धुरात झणझणीत आंबट वास येत असेल, तर ती पत्र्यासाठी ठेवा.

१२. बिट काळी पडली आहे, सोल्डर चिकटतच नाही. नवीन घ्यावी लागेल का?

लगेच नाही. काळा थर म्हणजे लोखंडाच्या मुलाम्यावरचे ऑक्साइड. ३०० अंश ठेवा, पितळी तारांच्या गुंडाळ्यात बिट फिरवा, फ्लक्स लावा, भरपूर सोल्डर वितळवा, पुन्हा गुंडाळ्यात. हे चार-पाच वेळा. बिटचे टोक पुन्हा चांदीसारखे झाले की काम झाले. तरी हटत नसेल तर बिट टिनिंगची डबी मिळते, तीत गरम बिट बुडवा.

कानस आणि पॉलिश पेपर मुलाम्याच्या बिटला लावू नका. मुलामा गेला की आतले तांबे कथिलात विरघळते आणि आठवड्यात खड्डा पडतो. भांड्यांची स्टीलची घासणीही मुलामा खरवडते, आणि भांड्यांचा फोमचा स्पंज गरम बिटला वितळून चिकटतो.

पुन्हा काळी पडू नये म्हणून दोनच सवयी लागतात: आयर्न बंद करण्यापूर्वी बिटवर सोल्डरचा थेंब सोडा (पुसू नका), आणि दहा मिनिटे काम नसेल तर तापमान २०० वर आणा किंवा बंद करा.

१३. साध्या आयर्नला तांब्याची उघडी बिट आहे. तिलाही कानस नको का?

तिला कानसच हवी. उघड्या तांब्यावर मुलामा नसतो, ते झिजणारच. आयर्न थंड असताना खड्डा निघेपर्यंत कानस मारून हवा तो चपटा आकार द्या. मग प्लग लावा आणि तापत असतानाच फ्लक्स व सोल्डर लावत राहा, म्हणजे तांबे काळे पडण्याआधी कथील चढते. महिन्यातून एकदा स्क्रू सैल करून कांडी बाहेर काढा आणि आतली काजळी झटका. नाहीतर ती नळीत घट्ट बसते, आणि काढताना हीटर तुटतो.

१४. दोन जाड वायरींचा मजबूत जोड कसा करायचा?

२.५ चौ. मिमीच्या तांब्याच्या वायरीसाठी:

हीटश्रिंकची (तापली की आकसून घट्ट बसणारी) नळी आधीच एका वायरीत सरकवा, आणि जोडापासून वीतभर दूर, कारण वायर तापली की जवळची नळी जागीच आकसते. दोन्ही टोके २० ते २५ मिमी सोला. एकमेकांत घट्ट पीळ द्या, पीळ सोल्डरशिवायही हलक्या ओढीला टिकला पाहिजे. फ्लक्स लावा. रुंद बिटवर सोल्डरचा थेंब घ्या आणि चपटी बाजू जोडाच्या खाली टेकवा. हा ओला थेंब बिट आणि तांबे यांच्यातली फट भरतो, आणि उष्णता कैक पटींनी वेगाने जाते. मग सोल्डर वरच्या बाजूने, वायरीला लावा, बिटला नाही. वायरीनेच सोल्डर वितळवले पाहिजे.

तीन ते सहा सेकंदांत सोल्डर तारांमध्ये शोषले जाऊन तारांचा पोत वरून दिसत राहिला तर जोड चांगला. दहा सेकंदांत होत नसेल तर थांबा, थंड होऊ द्या, बिट किंवा आयर्न बदला. धरून ठेवल्याने फक्त आवरण जळेल.

जोड हवेत ठेवा, लाकडी चिमट्यात. लोखंडी व्हाइसमध्ये थेट धरलात तर अर्धी उष्णता व्हाइस खाईल. थंड होताना फुंकर मारू नका.

१५. एक्सटी-६० कनेक्टर करताना प्लॅस्टिक वितळून पिन वाकडी होते.

समोरचा जोडीदार कनेक्टर त्यात घालून ठेवा. तो पिना सरळ धरतो आणि थोडी उष्णताही ओढतो. वायर कपाच्या खोलीइतकीच सोला आणि आधी वेगळी टिन करा (तिच्यावर सोल्डर चढवा). कप अर्धा-पाऊण सोल्डरने भरा. मग ५ मिमीच्या बिटने, ३८० ते ४०० अंशांवर, कप बाहेरून तापवा, सोल्डर पातळ झाले की वायर आत ढकला, बिट काढा, वायर स्थिर धरा. एकूण चार-पाच सेकंद. कमी तापमानावर जास्त वेळ धरणे हेच प्लॅस्टिक वितळण्याचे खरे कारण.

बॅटरीच्या बाजूच्या वायरी एकावेळी एकच सोला. दोन्ही उघड्या वायरी चुकून टेकल्या तर ठिणगी नाही, भडका उडतो.

१६. घरातल्या वायरिंगच्या वायरी सोल्डर करून स्क्रूखाली बसवल्या तर पक्के होईल ना?

उलटे होते. सोल्डर मऊ असते आणि सतत दाबाखाली हळूहळू सरकते. काही महिन्यांत स्क्रू सैल पडतो, तिथे उष्णता वाढते, आणि १८३ अंश आले की सोल्डर वितळते. स्क्रूच्या टर्मिनलला उघडी पिळलेली वायर किंवा क्रिम्प केलेले फेरूल (वायरीच्या टोकावरची धातूची नळी) वा लग वापरा. सौर पॅनेलचे एमसी-४ कनेक्टरही क्रिम्पच करायचे असतात.

हादरे बसतात तिथेही, म्हणजे ई-बाइक आणि गाड्यांत, क्रिम्प सरस. सोल्डर वायरीत जिथे संपते तिथे ताठ आणि लवचिक भागाची सीमा तयार होते, आणि तारा तिथेच तुटतात. सोल्डर करणे भागच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर पट्टीने बांधा, म्हणजे तो भाग वाकणार नाही.

१७. आयर्न दमदार आहे, फ्लक्स लावला, तरी वायरीवर सोल्डर थेंबथेंब होऊन घरंगळते.

वायर ब्लेडने खरवडा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर. स्वस्त स्पीकर वायरी आणि नेटवर्क केबलमध्ये ती सर्रास असते. मुलामा टिकून असेपर्यंत झटपट सोल्डर धरते, जरा जास्त तापवली की नाही. (वरून पांढरी आणि आतून तांबूस असेल तर ती कथील चढवलेली तांब्याची वायर, उत्तम.) ट्रान्सफॉर्मर-मोटारीच्या तारेवर वॉर्निश असते, ते खरवडावे लागते. जुन्या वायरीतले तांबे काळे पडले असेल तर चमकेपर्यंत पॉलिश पेपर, किंवा मागून ताजा भाग सोला.

१८. वायर नाही, पीसीबीवरच्या ग्राउंडच्या पायालाच सोल्डर धरत नाही. का?

तो पाय तांब्याच्या मोठ्या पत्र्याला जोडलेला असतो, त्यामुळे जाड वायरीसारखाच वागतो. ३.२ मिमीची बिट लावा, फ्लक्स द्या, ३८० वर तीन-चार सेकंद. २५ वॅटच असेल तर दुसऱ्या बाजूने हेअर ड्रायरने बोर्ड आधी कोमट करा. फरक लगेच जाणवतो.

१९. पाइनसिलसारखा यूएसबी-सी आयर्न घेतला तर एकातच सगळे होईल का?

बरेचसे होते, पण चार्जर योग्य हवा. या आयर्नच्या लांब बिटचा रोध ८ ओमच्या आसपास असतो. २० व्होल्टवर ५० वॅट, १२ व्होल्टवर फक्त १८ वॅट. म्हणजे गाडीच्या बॅटरीवर लावून जाड वायर करायला गेलात तर तो साध्या २५ वॅटपुढेही कमी पडतो. पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) पद्धतीचा, २० व्होल्ट देणारा ६५ वॅटचा चार्जर लागतो. लॅपटॉपचा बहुतेकदा चालतो. मोबाइल कंपन्यांचे स्वतःच्या पद्धतीचे जलद चार्जर अनेकदा २० व्होल्ट देतच नाहीत.

बिट लहान असते, म्हणून ४ चौ. मिमीला साठा कमी पडतो. २.५ पर्यंत रुंद बिटने चालते. दोन पिनच्या चार्जरवर बिट अर्थ होत नाही आणि मुंग्या आल्यासारखे जाणवू शकते. नाजूक सर्किटला अर्थची वेगळी वायर जोडा.

२०. सोल्डरिंग गन जाड वायरीला चांगली असते असे ऐकले.

वायरीला चांगली, पण फक्त वायरीला. ट्रान्सफॉर्मरची गन तांब्याच्या वळशातून प्रचंड प्रवाह सोडते, काही सेकंदांत तापते, आणि बटण सोडले की थंड होते. पण तापमान नियंत्रण नसते आणि टोकाभोवती चुंबकीय क्षेत्र असते, म्हणून पीसीबीजवळ नको. वळशाचे नट अधूनमधून आवळावे लागतात. सैल झाले की गन तापत नाही.

२१. धुराने आणि शिशाने अपाय होतो का? मुलाला शिकवायचे आहे.

सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. जो धूर दिसतो तो राळेचा, आणि तो दमा असणाऱ्यांना खरोखर त्रास देतो. धूर आपल्याकडून दूर ओढणारा छोटा पंखा खिडकीकडे तोंड करून ठेवा. कापडी मास्क इथे कामाचा नाही. शिसे बोटांवरून तोंडात जाते, म्हणून कामाच्या टेबलावर चहा-खाणे नको आणि नंतर साबणाने हात धुवा. सोल्डर दातांत धरू नका. मुलाला चष्मा, सुती कपडे आणि जड स्टँड द्या. पडणारा आयर्न पकडायचा नाही हा पहिला धडा.

२२. १८६५० सेलवर (लिथियमच्या गोल बॅटरीवर) थेट वायर सोल्डर करता येईल का? माझ्याकडे आता टी-१२ आहे.

आयर्न कितीही चांगला असला तरी नको. सेलच्या टोकाला उष्णता दिली की आतले प्लॅस्टिक पडदे आणि सील खराब होतात. बिघाड लगेच दिसत नाही, नंतर चार्जिंगमध्ये सेल तापतो. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावलेले सेल घ्या, आणि वायर पट्टीच्या सेलपासून दूर असलेल्या टोकावर सोल्डर करा.

२३. दुकानात उभा आहे. घेण्यापूर्वी दोन मिनिटांत काय तपासू?

मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबा-तपकीर गल्लीचा भाग, इथे मल्टिमीटर मागितला तर दुकानदार देतात. साध्या आयर्नच्या फेज आणि न्यूट्रल पिनांमधला रोध मोजा: २५ वॅटला सुमारे २१०० ओम, ५० ला १०५०, ६० ला ८८०. ६० वॅट छापलेल्यात १५०० ओम दिसले तर तो ३५ वॅटचा आहे. सिरॅमिक हीटरचा रोध थंड असताना कमी दिसतो, म्हणून नॉबवाल्यांना ही कसोटी लावू नका. मग अर्थची तपासणी (प्रश्न ८), बिट डगडगते का, आणि त्याच जातीच्या सुट्या बिटा त्याच दुकानात आहेत का. सुट्या बिटा नसतील तर आयर्न कितीही स्वस्त असो, पुढच्या दुकानात जा.